आराखडा नसलेली जहाजे

तान्हा पोळ्याच्या सकाळी आपल्या घरांतून लाकडी नंदी बाहेर निघतात. पांढुर्ण्यात त्या दिवशी मोठ्या माणसांचे पाय जाम नदीच्या काठाकडे, गोटमारीकडे वळलेले असतात. लहान मुले मात्र चाकांच्या पाटावर उभा केलेला नंदी दोरीने ओढीत घरोघर हिंडत असतात. काही घरांतील नंदी तीन-चार पिढ्यांचे आहेत. दर वर्षी चढविलेल्या रंगाचे थर खरवडले तर पणजोबांच्या काळचा रंग हाती लागेल. हा नंदी म्हणजे एक प्रतिकृतीच होय. वशिंड, पोळी, शिंगांचा बाक, पुढच्या पायांची ठेवण, सारे खऱ्या बैलाच्या प्रमाणात, केवळ लहान केलेले. हे प्रमाण कोठे लिहून ठेवलेले नव्हते. ज्याला आपण वाढई म्हणतो त्या सुताराच्या डोळ्यात ते होते आणि त्याच्याबरोबरच ते गेले.

लाकडी जहाजाची प्रतिकृती जुळविण्याचा छंद मला उतारवयात लागला, तेव्हा घरच्यांचा आणि स्नेह्यांचा पहिला प्रश्न ठरलेला होता: ज्या गावापासून समुद्र कोणत्याही दिशेने शेकडो कोस दूर, तेथे जहाज कशाला? जामचे पाणी कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, वैनगंगा वर्धेशी एकरूप होऊन प्राणहिता बनते आणि प्राणहिता गोदावरीच्या हाती ते पाणी बंगालच्या उपसागरात सोडते. आपला समुद्राशी संबंध एवढाच, असे आपण समजतो. परंतु आपल्यापैकी ज्या घराण्यांचे मूळपुरुष नागपूरकर भोसल्यांच्या शिलेदारीत या मुलखात आले, त्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. १७५१ च्या तहाने कटक प्रांत भोसल्यांकडे आला आणि १८०३ च्या देवगावच्या तहाने तो गेला. म्हणजे बावन्न वर्षे आपल्या राजांचे राज्य समुद्राला भिडलेले होते. जगन्नाथपुरीचा किनारा, बालेश्वरचे बंदर त्यांच्या अमलाखाली होते. भोसल्यांची ख्याती मात्र घोडदळाची. किनारा लाभला तरी त्यांची नजर घोड्याच्या पाठीवरूनच त्याकडे पाहत राहिली. असो.

या छंदाची ज्यांना ओळख नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. परदेशी कंपन्या अशा जहाजांचे जुळणीसंच, म्हणजे किट, विकतात. पेटीत प्लायवूडमधून लेसरने कापलेला कणा आणि फासळ्या असतात, लाकडाच्या बारीक पट्ट्यांच्या जुड्या असतात, डोलकाठ्यांसाठी गोल काड्या, दोरकामासाठी निरनिराळ्या जाडीचे दोरे, पितळी तोफा, आणि घडी घातलेले मोठमोठे नकाशे. खेळण्यातल्या जहाजाप्रमाणे तयार तुकडे एकमेकांत बसवावयाचे नसतात. खऱ्या गोदीत ज्या क्रमाने जहाज उभे राहते त्याच क्रमाने येथेही काम चालते: आधी कणा, मग फासळ्या, मग फळ्या, मग डेक, आणि सर्वांत शेवटी काठ्या व दोर. नवशिक्याने एका डोलकाठीची लहान नौका घ्यावी, हे सर्वमान्य आहे. माझी तशी एक नौका कशीबशी पार पडली होती. खरा पेच पडतो तो त्यानंतरच्या पायरीवर. हात थोडा बसलेला असतो, धीर वाढलेला असतो, आणि पेटीवरील रंगीत चित्रे भुरळ घालीत असतात. शंभर तोफांचे तीन मजली जहाज मागवून अर्ध्यावर सोडणारे या छंदात पुष्कळ भेटतात.

मला हवी होती मराठ्यांची गुराब. कान्होजी आंग्र्यांच्या आरमारातील एखादी गुराब बैठकीत काचेच्या पेटीत उभी असावी, ही इच्छा मराठी माणसाच्या मनात आपोआपच येते. ती पुरी करण्यासाठी मी शोध सुरू केला आणि शोधात जे हाती आले त्याने माझी निवडीची कल्पनाच बदलली.

गुराबीचे वर्णन उपलब्ध आहे. अठराव्या शतकात रॉबर्ट ऑर्म या इंग्रज इतिहासकाराने ते लिहून ठेवले. दोन डोलकाठ्यांची गुराब सुमारे १५० टनांची, तीन काठ्यांची सुमारे ३०० टनांची. लांबीच्या मानाने रुंद, मध्यापासून पुढे निमुळती होत गेलेली. नाळ भूमध्य समुद्रातील गॅलीसारखी पुढे आलेली. आणि त्या नाळेवरून थेट समोर मारा करणाऱ्या तोफा. गलबते याहून लहान, क्वचितच ७० टनांच्या वर, चाळीस-पन्नास वल्ह्यांनी ताशी चार मैल चालणारी. वाचताना चित्र डोळ्यांसमोर उभे राहते. परंतु चित्र डोळ्यांसमोर उभे राहणे वेगळे आणि फासळी कापणे वेगळे. जहाजाचे पोट नाळेपासून सुकाणूपर्यंत प्रत्येक हातावर बदलत जाते. कण्यापासून किती अंतरावर ते किती रुंद, कोठे गोल, कोठे उतरते, हे आडव्या छेदांच्या रेघांनी दाखविल्याखेरीज एकही फासळी कापता येत नाही. ऑर्मला ते सांगावयाचे नव्हते, आणि आपल्या मिस्त्र्यांना ते कागदावर उतरवावयाची गरज नव्हती. नंदी घडविणाऱ्या वाढयाप्रमाणे त्यांचेही माप डोळ्यात आणि हातात होते. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी विजयदुर्गावर हल्ला केला तेव्हा तोफगोळ्याने एका जहाजावर आग लागली आणि ती पसरत जाऊन तुळाजी आंग्र्यांचे आरमार बंदरातच जळाले. या मोहिमेत पेशवे इंग्रजांच्या बाजूने होते, ही जखम मराठी इतिहासलेखनात अजून भरलेली नाही. माझ्यापुरते सांगावयाचे तर त्या आगीत केवळ जहाजे जळाली नाहीत. मोजता येईल असा त्यांचा देहही गेला.

‘मराठा गुराब’ या नावाने शोभेच्या प्रतिकृती बाजारात मिळतात. भगवे निशाण, फुगलेली शिडे, आणि खाली कोणत्यातरी युरोपीय जहाजाचे पोट. मला त्या घेववल्या नाहीत.

मग मी प्रश्न उलटा केला. आपल्या किनाऱ्यावर बांधलेल्या कोणत्या जहाजाचा खात्रीचा आराखडा उपलब्ध आहे? उत्तर मुंबईच्या गोदीत मिळते. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईस आले आणि त्यांच्या घराण्याने पुढे दीडशे वर्षांच्या आसपास तेथे जहाजे बांधली. नेपोलियनशी चाललेल्या युद्धात इंग्लंडमधील ओकचे लाकूड कमी पडू लागले तेव्हा इंग्रजी नौदलाने मुंबईच्या सागवानाकडे मोर्चा वळविला. १८१० मध्ये ‘मिंडेन’, १८१३ मध्ये ‘कॉर्नवॉलिस’ ही मोठी लढाऊ जहाजे जमशेटजी बमनजी वाडिया यांनी बांधली. याच ‘कॉर्नवॉलिस’वर पुढे १८४२ मध्ये चीनने नानकिंगचा तह लिहून दिला. (हे सागवान आपल्या सातपुड्याचे होते असे म्हणावयास मन धावते; पण ते मुख्यतः मलबारचे.) आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी जमशेटजींनी बांधलेली ‘त्रिंकोमाली’ ही फ्रिगेट पाण्यात उतरली. तिच्या कण्यात पारशी रीतीप्रमाणे चांदीचा खिळा ठोकलेला आहे. ती अजून तरंगते आहे. इंग्लंडमधील हार्टलपूल येथे १९९० ते २००१ या काळात तिचा जीर्णोद्धार झाला. तिच्या पोटातील सागवान दोनशे वर्षांनंतरही बव्हंशी मूळचेच आहे.

हिच्या आराखड्याची कथा मात्र जहाजाहूनही सुरस आहे. १७८२ मध्ये इंग्रजांनी ‘हेबे’ नावाची फ्रेंच फ्रिगेट पकडली. पकडलेले जहाज गोदीत नेऊन इंचाइंचाने मोजावयाचे आणि त्याचा नकाशा काढून ठेवावयाचा, हा इंग्रजी नौदलाचा शिरस्ता होता. या नकाशावरून १८०० मध्ये ‘लेडा’ बांधली गेली आणि तिच्या मागोमाग त्याच नमुन्याची डझनावारी जहाजे. १८१२ मध्ये ‘त्रिंकोमाली’ची मागणी नोंदली गेली आणि ‘लेडा’च्या नकाशाची प्रत मुंबईस पाठविण्यात आली, ती ‘जावा’ या जहाजातून. ‘जावा’त ‘कॉर्नवॉलिस’च्या तळाला मढविण्यासाठी तांब्याचे पत्रेही होते. २९ डिसेंबर १८१२ रोजी ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ने ‘जावा’ला गाठले. काही तासांच्या लढाईत ‘जावा’च्या सर्व डोलकाठ्या कोसळल्या, तिचा कप्तान लॅम्बर्ट प्राणांतिक जखमी झाला, आणि जहाज इतके खिळखिळे झाले की अमेरिकनांनी ते जाळून टाकले. नकाशा गेला. लंडनहून दुसरी प्रत काढून पाठवावी लागली, आणि जमशेटजींनी तीवरून काम सुरू केले.

‘जावा’वर आणखी एक प्रवासी होता. मुंबईच्या लष्कराचे सेनापतिपद स्वीकारण्यास निघालेला लेफ्टनंट जनरल टॉमस हिस्लॉप. अमेरिकनांनी त्याला वचनावर सोडून दिले. पुढे तो मद्रासचा सेनापती झाला आणि दख्खनच्या फौजेचा प्रमुख म्हणून २१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपूर येथे होळकरांच्या सैन्याशी लढला. आपल्या शाळेतील इतिहासाच्या पुस्तकात हिस्लॉप महिदपूरला एकदम अवतरतो; तो पाच वर्षांपूर्वी अटलांटिक महासागरात कैद झालेला होता, हे मला एका जहाजाच्या नकाशाचा माग काढताना कळले.

१८१७ च्या त्या तीन महिन्यांच्या तारखा एका ओळीत मांडून पाहाव्यात. १२ ऑक्टोबरला मुंबईत ‘त्रिंकोमाली’ पाण्यात उतरते. ५ नोव्हेंबरला खडकीची लढाई. २६ आणि २७ नोव्हेंबरला सीताबर्डी. १६ डिसेंबरला नागपूरची लढाई आणि २१ तारखेस महिदपूर. पुढच्या वर्षी मे महिन्यात आप्पासाहेब भोसले इंग्रजांच्या पहाऱ्यातून निसटून महादेवाच्या डोंगरात गोंडांच्या आश्रयाला आले. तो सारा मुलूख आपल्या उत्तरेला, छिंदवाड्यापलीकडे. आपल्या घराघरांत आप्पासाहेबांच्या त्या पळाच्या आठवणी निरनिराळ्या रूपांत सांगितल्या जातात. ज्या महिन्यांत आपले राज्य बुडत होते त्याच महिन्यांत हिंदी सागवानाची आणि हिंदी कारागिरांच्या हातची ती फ्रिगेट मुंबईत सजत होती. १८१९ च्या जानेवारीत ती सेंट हेलेना बेटावर थांबून पुढे पोर्टस्मथला गेली, आणि त्या बेटावर तेव्हा नेपोलियन कैदेत होता.

एवढे वाचून ‘त्रिंकोमाली’च मागवावी असे ठरविले. परंतु माझ्या पायरीला झेपेल असा तिचा लाकडी किट मला मिळाला नाही, आणि निव्वळ नकाशावरून सगळे तुकडे स्वतः कापण्याइतका हात तयार नव्हता. १:६४ प्रमाणात तिचा सुमारे १५० फुटांचा तोफांचा मजला सत्तर-एकाहत्तर सेंटिमीटर भरतो. नाळेवरची तिरपी काठी आणि मागचा भाग धरून मीटरभर जागा लागते, हाही विचार होता. शेवटी मी तिच्या नकाशाच्या शत्रूलाच घरी आणले. ‘कॉन्स्टिट्यूशन’ अजून बोस्टनच्या बंदरात उभी आहे, तिची मापे काटेकोर उपलब्ध आहेत, आणि म्हणून तिचे किटही अनेक आहेत. १:७६ मापाचा एक किट मी निवडला. २०४ फुटांचे जहाज या मापात ८२ सेंटिमीटरच्या आसपास येते.

येथे एक सूचना करतो. किट निवडताना जहाजाचे नाव पाहून भागत नाही, साल पाहावे लागते. ‘कॉन्स्टिट्यूशन’ १७९७ मध्ये तरंगली तेव्हा तिच्या नाळेवर हर्क्युलिसचा पुतळा होता. १८०४ मध्ये दुसऱ्या जहाजाशी टक्कर होऊन तो मोडला. ‘जावा’शी लढताना तेथे साधी वेलबुट्टी होती, आणि १८३४ मध्ये अध्यक्ष जॅक्सनचा पुतळा बसविला गेला. चित्र एका सालाचे, नाळ दुसऱ्या सालाची, तोफा तिसऱ्या सालाच्या, अशी सरमिसळ पुष्कळ पेट्यांत असते. म्हणून पैसे देण्यापूर्वी नकाशाची पाने पाहावयास मिळत असतील तर पाहावीत. ज्या किटात प्रत्येक फासळीची रेघ आणि प्रत्येक दोराचा आरंभ व शेवट दाखविलेला आहे तो घ्यावा. ज्यात नुसत्या छायाचित्रांवर भिस्त आहे तो टाळावा. फळ्यांचा थर दुहेरी असेल तर पहिल्या थरातील चुका दुसऱ्याखाली झाकल्या जातात. दुसऱ्या-तिसऱ्या जहाजासाठी दुहेरीच बरा. मी एकेरी घेतला आणि त्याची किंमत मोजली.

ती किंमत अशी. फासळ्या कण्यावर बसविल्यानंतर त्यांच्या कडा नाळेकडे आणि सुकाणूकडे तिरप्या घासाव्या लागतात, म्हणजे फळी प्रत्येक फासळीवर पूर्ण टेकते. एक लवचिक पट्टी आडवी धरून पाहत जावे. कोठे उजेड दिसला तर तेथे अजून घासावयाचे आहे असे समजावे. हे काम कंटाळवाणे आहे आणि सगळ्या जहाजाचे रूप त्यावर ठरते. मी ते आठवड्यात उरकले. शिवाय फळ्या एका दिवशी डाव्या बाजूला आणि एका दिवशी उजव्या बाजूला अशा आलटूनपालटून लावावयाच्या असतात. उत्साहाच्या भरात मी डाव्या बाजूला सलग सात फळ्या लावल्या. सुकणाऱ्या डिंकाने कणा एका बाजूला ओढला गेला आणि सरळ रेघेतील जहाज केळीसारखे वाकले. तो मे महिना होता. आपल्याकडचा मे म्हणजे लाकडातले उरलेसुरले पाणीही उडून जाण्याचा काळ. ज्या फळ्या मार्चमध्ये घट्ट बसल्या होत्या त्यांच्या फटींत मेमध्ये नख शिरू लागले, आणि पहिल्या पावसानंतर त्याच फळ्या फुगून एकमेकींवर चढू लागल्या. युरोपातील पुस्तकांत हे नाही. आता मी लाकडाच्या जुड्या पेटीतून काढून एक पावसाळा खोलीत उघड्या ठेवतो आणि फळ्या लावण्याचे काम दसऱ्यानंतर होळीपूर्वी करतो.

आमच्या गल्लीतील वृद्ध वाढई एकदा सहज आत आले, ते वाकडे जहाज हातात घेऊन त्यांनी बराच वेळ फिरवून पाहिले आणि म्हणाले, “गुरुजी, फळीले अशी जबरदस्ती नका करू. आडव्या अंगानं वाकवली का ते मनात धरून ठेवते.” जहाजबांधणीच्या इंग्रजी पुस्तकाने चार पानांत जे सांगितले होते ते हेच. फळी आपल्या पातळ अंगाने सहज वाकते. रुंदीच्या अंगाने वाकवू गेलो तर कड उचलते. म्हणून नाळेकडे ती निमुळती तासावी, गरम पाण्यात भिजवावी आणि वाक दिल्यावर सुकू द्यावी, मगच डिंक लावावा. त्यांनीच मला दवाखान्यातले स्पिरिट लावून डिंक सैल करावयास मदत केली, आणि सातही फळ्या आम्ही सोडविल्या. सरावासाठी त्यांनी संत्र्यांच्या जुन्या पेट्यांच्या पातळ पट्ट्या आणून दिल्या. नंतरच्या फळ्या त्या पट्ट्यांवर आधी आखून, कापून पाहिल्या आणि मगच किटातील लाकडाला हात लावला.

लाकडाविषयी त्यांच्याशी झालेले बोलणेही सांगण्याजोगे आहे. मुंबईची जहाजे सागवानी, तेव्हा आपणही प्रतिकृती सागवानाची करावी, असे मला वाटे. त्यांनी हसून सागाचा एक तुकडा तासून दिला. खऱ्या जहाजात जे सागाचे गुण तेच लहान मापात अवगुण ठरतात. त्याचा रेषा भरड, छिद्रे उघडी. पाच मिलिमीटरच्या फळीवर ती छिद्रे मोठमोठ्या खाचांसारखी दिसतात. ज्या तेलामुळे त्याला वाळवी शिवत नाही त्याच तेलामुळे डिंक धरत नाही. त्याऐवजी त्यांनी हळदू सुचविला. सातपुड्याच्या जंगलांत हा वृक्ष आहे. लाकूड पिवळसर, दाट आणि बारीक रेषांचे, म्हणूनच पूर्वी त्याच्या फण्या करीत. किटातील काही फळ्या खराब झाल्या त्या जागी मी हळदूच्या घातल्या. रंग थोडा उजळ दिसतो, पण धार स्वच्छ निघते. अमेरिकन जहाजाच्या पोटात सातपुड्याच्या सहा फळ्या आहेत.

तांब्याचे पत्रे, तोफांचे गाडे आणि दोरकाम यांविषयी येथे विस्तार करीत नाही. एवढेच सांगतो की खऱ्या जहाजाच्या तळावरील चार फुटी पत्रा या मापात १६ मिलिमीटरचा होतो आणि असे पत्रे हजारोंनी चिकटवावे लागतात. ‘जावा’बरोबर गेलेले ‘कॉर्नवॉलिस’चे तांबे किती असेल याची कल्पना मला त्या महिन्यांत आली. डोलकाठ्या पेलणारे दोर डांबर लावलेले म्हणून काळपट, आणि शिडे हलविणारे दोर फिके, हा भेद मात्र कटाक्षाने पाळावा. सुती दोरा पावसाळ्यात ताणतो आणि उन्हाळ्यात सैल पडतो, पॉलिस्टरचा बरा.

पुन्हा गुराबीकडे वळतो, कारण ती मनातून गेलेली नाही. आराखडा नसला की काहीच करता येत नाही असे नव्हे. एदमों पारी नावाच्या फ्रेंच नौदल अधिकाऱ्याने १८३० च्या दशकात जगभरच्या प्रवासांत युरोपाबाहेरील नौकांची मापे घेतली. ‘आर्तेमीझ’च्या १८३७ ते १८४० च्या सफरीत हिंदुस्थानातील एका कारखान्यात यंत्रात सापडून त्याचा डावा हात गेला, तरी त्याने काम सोडले नाही. त्याच्या ग्रंथात मुंबईच्या पतेमारीचे मोजून काढलेले नकाशे आहेत. आपल्या कोकणच्या मिस्त्र्यांनी जे कागदावर उतरविले नाही ते एका परक्याने उतरविले म्हणून पतेमारी आज कोणालाही बांधता येईल. दुसरे उदाहरण ताजे आहे. अजिंठ्याच्या भित्तिचित्रातील जहाजावरून गोव्यातील दिवाडी बेटावर दोरीने शिवलेल्या फळ्यांचे ‘कौंडिण्य’ बांधण्यात आले. मे २०२५ मध्ये कारवार येथे ते नौदलात दाखल झाले आणि डिसेंबर २०२५ मध्ये पोरबंदरहून निघून जानेवारी २०२६ मध्ये मस्कतला पोहोचले. चित्रात छेद नसतात. म्हणून लहान प्रतिकृती करून मद्रासच्या आयआयटीत तिच्या पाण्यातील चाचण्या घ्याव्या लागल्या. या मंडळींचे मला विशेष वाटते ते यासाठी की हे प्राचीन जहाज जसेच्या तसे आहे, असा दावा त्यांनी केला नाही. माहीत असलेले किती आणि तर्काने भरलेले किती, हे त्यांनी वेगळे ठेवले. कोणी गुराब बांधणार असेल तर त्यानेही पाटावर तसे लिहावे, एवढीच माझी मागणी आहे. मी स्वतः पुढची पतेमारी घेणार आहे.

या साऱ्या उद्योगात एक गोष्ट नकळत घडली. आपल्या घराण्यांनी वंशावळी जपल्या, वतनाचे कागद पेट्यांत ठेवले, कोणाच्या कोणत्या पूर्वजाने कोणत्या स्वारीत काय केले हे आपण अजून सांगतो. परंतु ज्या दमणीत बसून आजी माहेराहून सासरी आली त्या दमणीचे माप कोणत्याही घरात लिहिलेले नाही. सौसरकडील आमच्या एका नातलगांच्या गोठ्यात अशी एक दमणी होती. तिचे एक चाक काही वर्षांपूर्वी कोणी हॉटेलच्या शोभेसाठी विकत नेले. गेल्या दिवाळीनंतर ते वृद्ध वाढई आणि मी फूटपट्टी, ओळंबा आणि कागद घेऊन तेथे गेलो. दोन दिवस लागले. उरलेल्या चाकाचे आरे मोजले, मधल्या लाकडाचा घेर दोऱ्याने घेतला, लोखंडी धावेची जाडी टिपली, धुऱ्याचा बाक फासळ्यांच्या रेघांप्रमाणे दर वितीवर उतरवून घेतला. मोडलेल्या दोन आऱ्यांची लांबी बाकीच्यांवरून धरली आणि तसे शेजारी लिहिले. घरी येऊन १:१० मापात नकाशा काढला. त्याच्या तीन प्रती केल्या आणि त्यांतली एक वाढयांना दिली.

दमणीवर पूर्वी वेताच्या कमानींचे छत होते, हे घरातील सर्वांना आठवते. त्या कमानी किती उंच होत्या याबद्दल मात्र तिघांनी तीन मापे सांगितली. नकाशात तेथे तुटक रेघा ओढून ठेवल्या आहेत.